साहेब ‘पाहू’ म्हणाले नव्हते

राघवाचारी साहेबांनी भिलाईत कुणालाही कसलंही वचन दिलं नव्हतं. हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. साहेब समोर येणाऱ्या प्रत्येकाला ‘नाही’ म्हणाले होते. आज नाही, उद्या नाही, जन्मात नाही, असं इंग्रजीत जितकं ठणकावून म्हणता येतं तितकं ठणकावून. ‘पाहू’ म्हणालो तो मी. दुर्गच्या रेल्वे चाळीत अजूनही कुणी खोटी आशा दाखवली की लोक म्हणतात, “हे राघोबाचं पाहू आहे.” साहेबांचं नाव उगाच बदनाम आहे. तो ‘पाहू’ माझा.

या अंकाच्या संपादकांनी भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता त्या दिवसांवर लिहायला सांगितलं. रशियन लोक, पहिली भट्टी, पहिलं वितळलेलं लोखंड वगैरे. ते ज्यांनी पाहिलं त्यांनी लिहावं. पहिली भट्टी पेटली तेव्हा मी एका पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहून एका म्हाताऱ्याला त्याच्या म्हशीबद्दल दिलासा देत होतो.

मी तुमसरकडचा. मॅट्रिकला इंग्रजीत बरे मार्क होते, एवढ्या भांडवलावर मला एका ठेकेदार कंपनीत दुभाष्याची नोकरी लागली. ही कंपनी पाये खोदायची, काँक्रीट ओतायची, आणि त्यासाठी गावोगावचे मजूर मस्टरवर, म्हणजे रोजंदारीच्या हजेरीपटावर, घ्यायची. राघवाचारी साहेब तिचे लेबर ऑफिसर. मद्रासकडचे, शिडशिडीत, वैशाखातही टाय लावणारे. त्यांना तामिळ आणि इंग्रजी सोडून तिसरी भाषा येत नव्हती. समोर येणारा माणूस छत्तीसगढी बोलणार, नाहीतर हिंदी, नाहीतर आमच्यासारखी नागपूरकडची मराठी. मध्ये मी.

दुभाष्याचं काम बाहेरच्याला वाटतं तितकं हुशारीचं नसतं. दुभाष्या म्हणजे नळ. या टोकाला जे येईल ते त्या टोकाला सोडायचं. नळानं पाण्यात साखर घालायची नसते. हे मला पहिल्याच दिवशी साहेबांनी सांगितलं होतं, आणि मी ‘येस सर’ म्हणालो होतो.

साहेबांना इंग्रजीचा अभिमान होता, आणि त्यातही इंग्रजीतल्या नकाराचा. त्यांच्या नकाराला मजले होते. तळमजल्यावर साधं ‘विल नॉट’. त्याच्या वर ‘शॅल नॉट’, ते म्हणताना साहेब चष्मा काढत. त्याच्या वर ‘नेव्हर’, तेव्हा तळहात टेबलावर आपटे. मग ‘अंडर नो सर्कमस्टन्सेस’, हे उभं राहून. आणि अगदी गच्चीवर ‘नॉट टुडे, नॉट टुमॉरो, नॉट एव्हर’. तेव्हा प्रत्येक ‘नॉट’बरोबर टाय उडे. मला ते समजावून सांगत, “वानखेडे, उद्याचा नकार आजच्या नकारापेक्षा मजबूत हवा. कारण उद्या फार लांबपर्यंत असतो.”

आता आमच्या घरचं सांगतो. आमच्याकडे बांगडी फुटली तर ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढवली’ म्हणतात. घरातून निघताना ‘जातो’ म्हटलं तर आई परत बसवायची, पाणी प्यायला लावायची आणि ‘येतो’ म्हणवून मगच सोडायची. उद्याबद्दल तोंडातून ‘नाही’ काढणं म्हणजे समोरच्याच्या अंगणात दगड टाकणं. कुणी काही मागितलं आणि देता येणार नसलं, तर ‘पाहू’ म्हणायचं. मागणाऱ्याला कळतं, देणाऱ्याला कळतं, चहा पिऊन माणूस घरी जातो. अशा घरातून उठून मी त्या पाच मजली नकाराच्या पायथ्याशी येऊन उभा राहिलो होतो.

म्हशीवाला म्हातारा जवळच्या कुरुद गावचा. बांधकामावरचे टाय लावणारे सगळे साहेब मिळून एकच सरकार, अशी तेव्हा लोकांची समजूत होती. म्हणून मजुरांच्या साहेबाकडे तो भोंग्याची तक्रार घेऊन आला. सकाळी भोंगा वाजला की म्हैस बिचकते आणि पान्हा चोरते. तर भोंगा बंद करा.

साहेबांना मी इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी तळहात आपटला. “द सायरन विल नेव्हर बी स्टॉप्ड.”

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. “का कहिस साहेब हा?” काय म्हणाले साहेब?

त्याच्या डोळ्यांत ती म्हैस दिसत होती हो. मी म्हणालो, “देखबो कहत हे.” पाहू म्हणतात.

दुसऱ्या दिवशी भोंगा बिघडला. का बिघडला ते मला माहीत नाही, पण चांगला दोन-तीन दिवस मुका राहिला. म्हातारा खव्याचा गोळा घेऊन हजर. साहेबांना वाटलं ही लाच. ते उठून उभे राहिले आणि ‘अंडर नो सर्कमस्टन्सेस’ सुरू केलं. मी म्हाताऱ्याला सांगितलं, “साहेबांचा आज उपास आहे.” त्यानं साहेबांना दंडवत घातला. उपास करणारा साहेब त्यानं आधी पाहिला नव्हता.

मग एक बाई आली. कारखान्याच्या नव्या चिमणीची सावली तिच्या अंगणात पडत होती आणि वाळत घातलेल्या वड्या ओल्या राहत होत्या. चिमणी थोडी सरकवता येईल का? साहेबांनी चष्मा काढला, परत लावला, परत काढला. त्या दिवशी ते थेट गच्चीवर गेले. “नॉट टुडे, नॉट टुमॉरो, नॉट एव्हर!”

मी म्हणालो, “पाहू म्हणतात.”

थंडी सरली, सूर्य वर चढला, सावली आपोआप आखडून अंगणाबाहेर गेली. बाई दुधीभोपळा घेऊन आली. बरोबर शेजारणी आल्या होत्या, ज्याने चिमणी सरकवली तो साहेब पाहायला.

यानंतर शेडसमोरच्या कडुनिंबाखाली रीघ लागली. न्हावी आला, त्याला भट्टीच्या आत दुकान हवं होतं, कारण गरम पाणी तिथं फुकट. एका गावानं रशियन माणूस मागितला, कायमचा नव्हे, जत्रेपुरता. साहेब नकार देऊन देऊन घामाघूम व्हायचे, आवाज बसायचा. आणि लोकांना त्यातून वेगळंच दिसायचं. समोर एक साहेब टेबल आपटतो आहे, टाय उडवतो आहे, उभा राहून ओरडतो आहे, आणि शेजारचा बाबू हळूच सांगतो आहे की पाहू म्हणतात. लोक आपसांत म्हणायचे, “हमर बर कतेक लड़थे साहेब हा!” आपल्यासाठी किती भांडतो हा साहेब. साहेब जितके चिडत तितके ते लोकांच्या मनात वर चढत. त्यांच्या नावाचा लोकांनी राघोबा केला.

साहेब एकदा मला म्हणाले, “वानखेडे, मी इतक्यांना नकार देतो, तरी ही माणसं हसत का जातात?”

मी म्हणालो, “सर, इथली माणसं साधी आहेत.”

इथं थांबून खरं सांगायला हवं. मी हे सगळं निव्वळ कनवाळूपणानं केलं नाही. मला ते आवडत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच माणसं माझ्या तोंडाकडे आशेनं पाहत होती. बाजारात भाजीवाली जास्तीची मूठभर कोथिंबीर टाकायची. साहेब ओरडायचे, पण आशीर्वाद मला मिळायचे. साखर घालणाऱ्या नळाला आपण गंगा आहोत असं वाटू लागलं होतं.

मग शामराव बोरकर आले.

शामराव रेल्वेत गँगचे मुकादम. दुर्गच्या बाजूला रुळांची गिट्टी ठोकण्यात त्यांचा जन्म गेला. मूळचे तिरोड्याचे, म्हणजे माझ्याच मुलखातले. आले ते चप्पल बाहेर काढून, टोपी हातात धरून.

“वानखेडे बाबू, माह्या वत्सलाचं जमून राहिलं. दोन पोट्टे आहेत. एक गोंदियाचा, रेल्वेत पक्का हाय, पन जरा वयानं मोठा. दुसरा तुमच्याच कंपनीच्या मस्टरवर. मधुकर. पोट्टा गुनी हाय, पोट्टीच्याही मनात तोच हाय. मले फक्त साहेबाले इचारायचं हाय, हे काम सरल्यावर मधुकर कारखान्यात पक्का होईन का? होनार असन तर मधुकर. नसन तर गोंदियाले होकार कळवतो.”

इतका नेमका प्रश्न त्या शेडमध्ये आधी कुणी विचारला नव्हता. मी तो साहेबांना जसाच्या तसा सांगितला. साहेब त्या दिवशी ओरडले नाहीत. त्यांनी शामरावांना बसायला खुर्ची दिली, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. मग शांतपणे एकेक शब्द मोजून म्हणाले की ठेकेदाराच्या मस्टरवरचा माणूस कारखान्यात कायम होण्याची कोणतीही सोय नाही, काम संपलं की मस्टर बंद होईल, आणि हा मुलगा अंडर नो सर्कमस्टन्सेस इथं कायम होणार नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “हे नीट सांग. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.”

मी शामरावांकडे वळलो. टोपी त्यांच्या हातात गोल गोल फिरत होती. मी म्हणालो, “साहेब म्हणतात, पाहू.”

शामराव टोपी घालून निघाले. पण बाहेर चहाच्या हाटेलीत त्यांनी मला गाठलं. बशीत कप ठेवून माझ्या मनगटाला धरलं.

“बाबू, आपुन एका मातीचे. मले खरं सांगा. तो ‘पाहू’ म्हनाला, पन तोंडावरून काही ‘पाहू’वानी दिसला नाही. इतकं लांबलचक बोलला अन् तुमी दोन शब्दांत सांगितलं. कावून?”

“इंग्रजी लांबलचक असतं, शामरावजी.”

“म्हंजे होईन न जी?”

हाच तो क्षण. आमच्या मध्ये कुणी साहेब नव्हता, भाषा नव्हती. समोर माझ्या गावाकडच्या बोलीत विचारलेला प्रश्न होता आणि त्याला दोन अक्षरांचं उत्तर होतं. मी चहा फुंकला. “पाहू म्हणालेत म्हणजे… काहीतरी असेलच न.”

“बस,” शामराव म्हणाले. “इतकंच पायजे होतं.” आणि माझ्या चहाचे पैसे त्यांनी दिले.

लग्न वैशाखात, रेल्वे चाळीच्या पटांगणात, सकाळच्या मुहूर्तावर. शामराव स्वतः साहेबांना बोलवायला आले. साहेबांनी मला विचारलं, “मी यांना नकार दिला, तरी हे मला लग्नाला का बोलावतात?” मी म्हणालो, “सर, तुम्ही खरं बोललात याचा त्यांना आदर आहे.” साहेबांना ते फार आवडलं. ते नवा टाय लावून आले.

मांडवात त्यांना पहिल्या रांगेत, गादीवर, लोड देऊन बसवलं. बँडवाल्यांनी त्यांच्यासाठी वेगळी धून वाजवली. म्हशीवाला म्हातारा कुरुदहून आला होता, वड्यांची बाई आली होती. साहेब सगळ्यांना हात जोडत होते. मुहूर्ताला थोडा अवकाश होता. वत्सला आणि मधुकर पाटांवर उभे राहिले, मध्ये अंतरपाट धरला गेला. तेवढ्यात मधुकर अंतरपाटाच्या कडेनं वाकून साहेबांना नमस्कार करून म्हणाला, “थँक यू सर. फॉर परमनंट.” तेवढं इंग्रजी त्यानं पाठ करून ठेवलं होतं.

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मांडवाची झालर पाहू लागलो.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “साहेबांनी दोन शब्द बोलावं!” लाउडस्पीकर होताच. साहेब उठले. आजवर मी त्यांना पुष्कळ वेळा चिडलेलं पाहिलं होतं, पण त्या दिवशी ते चिडलेले नव्हते, घाबरलेले होते. माइक दोन्ही हातांनी धरून त्यांनी मुलीच्या बापाकडे बघत सांगितलं की काहीतरी भयंकर गैरसमज झाला आहे, हा मुलगा कायम होणार नाही, विल नॉट, शॅल नॉट, नेव्हर, आणि या आशेवर हे लग्न होत असेल तर त्यांनी कृपा करून आत्ताच थांबून विचार करावा. शेवटचं ‘नॉट एव्हर’ म्हणताना त्यांचा आवाज फुटला.

सगळा मांडव माझ्याकडे वळला. माइक माझ्या हातात आला.

अंतरपाटाच्या एका बाजूला वत्सला हार धरून उभी होती. अंतरपाट अजून धरलेला होता. मला फक्त खरं बोलायचं होतं. भटजी घड्याळ बघत होते. माझ्या तोंडून निघालं, “साहेब म्हणतात, त्यांना बोलताना गहिवरून येतंय. मधुकर-वत्सलाला त्यांचा आशीर्वाद आहे. बाकी सगळं… पाहू.”

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की भटजींनी मंगलाष्टकं तिथूनच सुरू केली. लोकांनी अर्ध्या अक्षता नवरा-नवरीवर टाकल्या आणि अर्ध्या साहेबांवर. बँडवाल्यांनी एकच जल्लोष केला. मांडवात इंग्रजी कळणारे दोघेतिघे तरी असतील, स्टेशनातले बाबू. तेही टाळ्या वाजवत होते. त्यांनी का काही म्हटलं नाही, हे मी खूप दिवस स्वतःला विचारत होतो. मग मला कळलं की त्यांची आईदेखील त्यांना ‘येतो’ म्हणवून घराबाहेर सोडत असणार.

साहेब डोक्यावर अक्षता घेऊन गादीवर बसले. मला हळूच विचारलं, “वानखेडे, तू त्यांना सगळं सांगितलंस?”

“हो सर.”

“मग हे आनंदात का आहेत?”

मी म्हणालो, “सर, आमच्याकडे अशीच पद्धत आहे.”

साहेबांनी मान हलवली. मग समोर वाढलेला वडाभात खाल्ला. निघताना मुलीच्या हातात पाकीट ठेवलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तामिळमध्ये काहीतरी म्हणाले. ते मला कळलं नाही. त्यांच्या तोंडचं एवढं एकच वाक्य मी बिघडवलं नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या आत पाये खोदायचं काम संपलं, मस्टर बंद झालं. साहेब म्हणाले होते तसंच, शब्दन् शब्द. मधुकरसह सगळे एका शनिवारी घरी बसले. लोक साहेबांच्या क्वार्टरवर गेले. शिव्या द्यायला नव्हे, आठवण करून द्यायला. शामराव पुढे होते. “साहेब, तुमी पाहू म्हनले होते.” साहेब दारात उभे राहून सारखे म्हणत होते, “बट आय टोल्ड यू. आय टोल्ड यू नेव्हर.” मी मध्ये उभा होतो. काय भाषांतर करणार? मी म्हणालो, “साहेबांना फार वाईट वाटतंय.” हे खरं होतं. पण लोकांना आता वाईट वाटणं नको होतं. मागून कुणीतरी म्हणालं, “खोटारडा निघाला बे राघोबा.” तो शब्द तेव्हापासून चिकटला तो चिकटलाच.

कंपनी गुंडाळली. साहेब मद्रासला निघाले तेव्हा दुर्ग स्टेशनावर मी एकटा पोचवायला होतो. खरं म्हणजे अगदी एकटा नाही. म्हशीवाला म्हाताराही आला होता, खवा घेऊन. म्हैस भोंग्याला सरावली होती, त्याचं सगळं भलं झालं होतं. साहेबांनी या वेळी खवा घेतला. गाडी हलायच्या आधी खिडकीतून मला म्हणाले, “वानखेडे, मी खूप विचार केला. माझं इंग्रजी स्पष्ट नव्हतं का?”

मी म्हणालो, “अगदी स्पष्ट होतं, सर.”

इतक्या दिवसांत त्यांच्याशी खरं बोललो ते एवढंच. आणि ते ऐकून बिचारे अधिकच गोंधळात पडून गेले.

मला दुसरीकडे कारकुनी मिळाली. भाषांतर मी सोडलं. मधुकर धरणं आणि कारखाने यांच्या मागे फिरतो, कुठेही मस्टरवरच. दिवाळीला येतो, देवदिवाळीच्या आधी जातो. वत्सला दोन लेकरं घेऊन दुर्गजवळ बोरसीला बापाच्या घरी राहते, शिवणकाम करते. गोंदियाचा तो रेल्वेवाला आता गार्ड झाला आहे. शामराव थकले आहेत, कानानं कमी ऐकतात.

मागच्या महिन्यात वत्सला भिलाईत सिविक सेंटरच्या बाजारात दोऱ्याची रिळं घ्यायला आली होती. मला पाहून थांबली. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, “काका, तुमी होते न तिथं. तो राघोबा माह्या लग्नात रडला होता म्हनतात. रडला होता तर मग फसवलं कावून?”

तिच्या हातात रिळांची पुडी होती. मी म्हणालो, “चल, तुला रिक्षा पाहून देतो.” आणि पाहून दिली.

ती रिक्षात बसली आणि वळून म्हणाली, “येते काका.”

साहेबांनी त्या दिवशी शामरावांसाठी एक ‘नाही’ माझ्या हातात दिलं होतं, आणि पोचवण्याचं काम माझं होतं. ते अजून माझ्याकडेच आहे. शामरावांना मी ते देणं लागतो, वत्सलाला देणं लागतो.